८५-० समजावून सांगणाऱ्या काकांना

प्रिय काका,

हे पत्र मराठीत आहे, म्हणजे तुम्हाला वाचता येणार नाही. माझी लेक ते तुम्हाला इंग्रजीतून वाचून दाखवणार आहे. तसं तिनं कबूल केलंय, आणि त्या बदल्यात माझ्याकडून काय उकळलंय ते विचारू नका. पण तुमची मदत ज्या लेखाला झाली तो मराठीत छापून आला, तेव्हा आभारही त्याच वाचकांसमोर मानायला हवेत. त्यांनाही कळू दे की त्या लेखाच्या निम्म्या ओळींमागे शिकागोतले एक म्हातारे गृहस्थ आहेत, आणि ते अमेरिकन फुटबॉलच्या राखीव बाकावर एक अख्खा हंगाम बसून आलेले आहेत.

वाचकांसाठी थोडं मागचं सांगते. एका दिवाळी अंकासाठी माझ्याकडे लेख मागितला होता. विषय होता २ डिसेंबर १९४२. त्या दिवशी शिकागो विद्यापीठात एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रॅफाइटच्या विटांवर विटा रचून माणसानं घडवलेली अणुविखंडनाची पहिली साखळी-अभिक्रिया चालवून दाखवली. मी फिजिक्स शिकलेली, राहायला विद्यापीठाजवळच्या हाइड पार्क वस्तीत, ती जागा घरापासून चालत दहा मिनिटांवर. म्हटलं आठवड्यात लेख होतोय. झालाही. पहिल्या खर्ड्यात मी झोकात लिहिलं होतं, “विद्यापीठाच्या एका ओसाड फुटबॉल मैदानाखाली…”

विद्यापीठाच्या रेगेनस्टाइन ग्रंथालयातल्या जुन्या कागदपत्रांच्या खोलीत पेन चालत नाही, शिसपेन्सिलच लागते. माझ्याकडे ती नव्हती. समोरच्या टेबलावरून तुम्ही तुमची अर्धी झिजलेली पेन्सिल सरकवलीत. तुमची पहिली मदत ती. मग बाहेर कॉफी घेताना तुम्ही विचारलंत, काय लिहितेस? मी ते वाक्य इंग्रजीत सांगितलं. तुम्ही आधी एक दुरुस्ती केलीत: मैदानाखाली नाही, पश्चिमेकडच्या प्रेक्षकांच्या सज्जाखाली, रॅकेट्स खेळायच्या बंदिस्त कोर्टात. मग कप खाली ठेवून नुसतं विचारलंत, “ओसाड कुणी पाडलं?”

मला सांगता येईना. फुटबॉल मैदान होतं, रिकामं होतं, शास्त्रज्ञांना मिळालं, एवढ्यावरच माझी गाडी थांबली होती. त्यात मी कोल्हापूरची. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे पायानं खेळायचा, तालमींचा, शाहू स्टेडियमवरचा. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा सामना असला की आमच्या घरात दोन भाऊ एकमेकांशी बोलत नसत. हातात लंबगोल चेंडू घेऊन, डोक्याला टोप घालून, दर पाच सेकंदांनी थांबणाऱ्या या खेळाला फुटबॉल म्हणायचंच कशाला, असं मी तुम्हाला तोंडावर म्हटलं. तुम्ही हसलात. पुढचे सहा मंगळवार तुम्ही मला शिकवत होतात.

पहिल्या मंगळवारी गोष्टीत आलोंझो स्टॅग आले, शिकागोच्या संघाचे कोच. विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी येल विद्यापीठातला आपला हा जुना विद्यार्थी १८९२ मध्ये, म्हणजे वर्ग सुरू झाले त्याच वर्षी, बोलावून घेतला. नुसता कोच म्हणून नव्हे, रीतसर प्राध्यापक म्हणून. पैसा तेलसम्राट रॉकफेलरचा, मैदानाची जमीन व्यापारी मार्शल फील्डची, आणि घाई हार्परची. नव्या विद्यापीठाचं नाव पेपरात यायचं तर संघ हवा. पहिल्या हंगामात पुरेसे गडी मिळेनात तेव्हा स्टॅग स्वतः मैदानात उतरले. हे ऐकून मला आमच्या गावच्या नाटकमंडळीतले दिग्दर्शक आठवले, ऐन वेळी कुणी आलं नाही की तेच मिशी लावून उभे राहायचे. स्टॅग ४१ हंगाम तिथं राहिले. सुरुवातीला संघाचा रंग पिवळसर सोनेरी होता. त्याच्यावर चिखल फार दिसायचा. १८९४ मध्ये ‘मरून’ हा गडद तांबूस रंग आला आणि संघाचं नावच मरून्स पडलं.

दुसऱ्या मंगळवारी तुम्ही कागदी रुमालावर ‘सेफ्टी’ काढून दाखवलीत. चेंडू तुमच्या हातात असताना तुम्हाला तुमच्याच गोलरेषेमागं पकडून पाडलं, तर समोरच्याला दोन गुण. मी म्हटलं, हे तर कबड्डीच्या उलटं झालं. तिथं दुसऱ्याच्या अंगणात पकडतात, इथं स्वतःच्याच घरात. तुम्हाला कबड्डी समजावण्यात अर्धा तास गेला, पण ३० नोव्हेंबर १९०५ चा सामना त्यानंतर मला एकदम कळला. थँक्सगिव्हिंगचा दिवस, सुमारे २७ हजार माणसं. समोर मिशिगन. फील्डिंग योस्ट यांच्या या संघाला लोक ‘मिनिटाला एक गुण’ म्हणत. सलग ५६ सामने ते हरले नव्हते. दोन्ही संघ एकमेकांना हलू देत नव्हते. मग शिकागोच्या वॉल्टर एकर्सॉलनं लांब लाथाडलेला चेंडू मिशिगनच्या डेनी क्लार्कनं गोलरेषेमागं झेलला आणि तिथंच थांबायचं सोडून पळायला गेला. शिकागोच्या गड्यांनी त्याला परत मागं रेटून पाडलं. निकाल २-०. तुम्ही हे सांगताना स्टॅगचा जयजयकार केला नाहीत. म्हणालात, क्लार्कची चूक एवढीच की तो पळाला, आणि ती त्याला जन्मभर चिकटली. मी लेखात त्याचं नाव घातलं ते त्यामुळे.

मधल्या वर्षांवरून मी भरभर जाते, तुम्ही रागावू नका. १९२२ मध्ये प्रिन्स्टनविरुद्धचा २१-१८ असा निसटलेला सामना रेडिओवर दूरवर ऐकला गेला, १९२४ मध्ये नामांकित खेळाडू रेड ग्रेंजच्या इलिनॉयशी २१-२१ बरोबरी झाली आणि त्याच वर्षी बिग टेन या विद्यापीठांच्या गटाचं विजेतेपद मिळालं. ते शेवटचं. ‘मिडवेचे राक्षस’ (मिडवे म्हणजे विद्यापीठालगतचा बागेचा पट्टा) हे नावही आधी या पोरांचं होतं, आज ते शिकागो बेअर्स हा व्यावसायिक संघ मिरवतो.

शिकागोच्या जे बर्वँगर या खेळाडूवर मात्र मी थांबणार. १९३५ मध्ये कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं हाइझमन पारितोषिक पहिल्यांदा दिलं गेलं ते याला, आणि तेव्हा त्याला हाइझमन हे नावही नव्हतं. १९३६ च्या पहिल्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांनी कॉलेजच्या खेळाडूंची निवड केली तेव्हा, पहिलं नाव पुकारलं गेलं तेही याचंच. पण हा व्यावसायिक फुटबॉल एक दिवससुद्धा खेळला नाही, पैशाचं जमलं नाही. त्याच्या मावशीच्या घरी ती वजनदार ट्रॉफी दाराला अडसर म्हणून ठेवलेली होती. तुम्ही मला विद्यापीठाच्या रॅटनर सेंटर या क्रीडाकेंद्रात नेऊन ती दाखवलीत, आणि मी काचेवर नाक लावून तळाला दाराचा ओरखडा शोधत होते! १९३४ च्या सामन्यात बर्वँगरला अडवताना मिशिगनच्या एका पोराच्या डाव्या डोळ्याखाली जखम झाली, तिचा व्रण राहिला, आणि पुढं तो पोरगा अमेरिकेचा अध्यक्ष झाला, जेराल्ड फोर्ड. हा किस्सा मी लेखात घातला नाही, संपादकबाईंना ती थाप वाटली असती.

आणि मग तुमच्या प्रश्नाचं उत्तर. ओसाड कुणी पाडलं?

मला वाटलं होतं तुम्ही रॉबर्ट हचिन्स यांचं नाव घ्याल आणि दोन शिव्या द्याल. १९२९ मध्ये तिशीत अध्यक्ष झालेला हा माणूस खेळाच्या धंद्यावर उघड टीका करायचा, आणि सगळे त्याच्याच नावानं बोटं मोडतात. तुम्ही उलट माझ्यासमोर आकड्यांची चिठ्ठी ठेवलीत. स्टॅगना सत्तरीला १९३२ मध्ये निवृत्त केलं. ते गप्प घरी बसले नाहीत, कॅलिफोर्नियात कॉलेज ऑफ द पॅसिफिकला गेले, आणि १९३८ मध्ये तोच संघ घेऊन त्यांच्याच नावाच्या मैदानावर येऊन शिकागोला ३२-० हरवून गेले. पुढचं वर्ष १९३९: बेलॉइटसारख्या छोट्या कॉलेजकडून ०-६, हार्वर्डकडून ०-६१, ओहायो स्टेटकडून ०-६१, मिशिगनकडून ०-८५. मिशिगनचे कोच होते फ्रिट्झ क्रिसलर, स्टॅगच्याच हाताखाली शिकागोत खेळून तयार झालेले. गुरूच्या घरावरच शिष्यानं ८५ चा डोंगर रचला. बाकीची विद्यापीठं हजारो पोरांतून गडी निवडत होती, आपल्याकडे पदवीची पोरं कमी, परीक्षा कडक, आणि फुटबॉलपटूला तगवून नेईल असा सोपा अभ्यासक्रम नाही. २१ डिसेंबर १९३९ ला विद्यापीठानं संघ बंद केला. “हचिन्सनं दार लावलं,” तुम्ही म्हणालात, “पण घर आधीच रिकामं झालं होतं.” त्या संघाचे कोच क्लार्क शॉनेसी पुढच्याच वर्षी स्टॅनफर्डला गेले आणि एकही सामना न हरता रोझ बोल हा हंगामाच्या शेवटचा मानाचा सामना जिंकून बसले, म्हणजे कोचमध्येही खोट नव्हती. हे मला त्यातल्या त्यात जास्त लागलं.

तर असं ते मैदान मोकळं झालं, आणि तीन वर्षांनी त्या सज्जाखाली फर्मी आले. मी माझं वाक्य खोडलं. खरं तर लेखाचा पहिला दीड कॉलम खोडला. तुमच्यामुळेच आणखी एक गोष्ट शोधायला लागले: फर्मींना न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात आधीच्या प्रयोगांसाठी युरेनियम ऑक्साइडचे जड डबे उचलायला माणसं हवी होती, तेव्हा तिथल्या फुटबॉल संघातले गडी बोलावले होते. ही ओळ मला सापडली त्या दिवशी मी तुम्हाला फोन केला, आणि तुम्ही पलीकडून फक्त “अखेर!” म्हणालात. शास्त्रज्ञांच्या गोष्टीत खेळाडू सापडला याचा तुम्हाला झालेला आनंद मी विसरणार नाही.

तुमचा स्वतःचा भाग तुम्ही शेवटच्या मंगळवारी सांगितलात, तोही मी खोदून विचारल्यावर. साठीच्या दशकात विद्यापीठाचे क्रीडासंचालक वॉल्टर हास यांनी फुटबॉल परत आणला तो चोरपावलानं, व्यायामाच्या तासातला ‘फुटबॉलचा वर्ग’ म्हणून. १९६३ मध्ये त्या वर्गाचा नॉर्थ सेंट्रल कॉलेजशी सामना ठरला तर विद्यापीठाचेच विद्यार्थी मैदानावर ठाण मांडून बसले, आम्हाला फुटबॉल नको म्हणून. असं आंदोलन आणखी कुठं झालं असेल? १९६९ मध्ये अधिकृत संघ उभा राहिला आणि त्यात तुम्ही होतात. बहुतेक वेळ बाकावर. “थंडी फार वाजायची,” एवढंच तुमचं आत्मचरित्र. सज्जा १९५७ मध्येच पाडला होता, जिथं तो होता त्याच्या जवळ हेन्री मूर यांचं कांस्यशिल्प १९६७ पासून उभं आहे, आणि उरलेल्या मैदानावर रेगेनस्टाइन उभारलं, ते १९७० मध्ये उघडलं. म्हणजे आपण सहा मंगळवार फुटबॉलच्या मैदानावरच बसलो होतो, आणि तुम्ही ते पाचव्या मंगळवारपर्यंत मला सांगितलं नव्हतंत!

ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी तुम्ही आम्हा मायलेकींना नव्या स्टॅग फील्डवर नेलंत. डिव्हिजन थ्री, म्हणजे कॉलेज खेळांचा तिसरा गट, खेळासाठी शिष्यवृत्ती नाही, तिकिटासाठी मारामारी नाही. माझ्या लेकीच्या मांडीवर तुमचं मरून ब्लँकेट, माझ्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी घातलेल्या भाकऱ्या. शेजारच्या रांगेतली पोरं सोमवारच्या परीक्षेच्या नोट्स चाळत आरोळ्या ठोकत होती, आणि त्या आरोळीत ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीस आणि सल्फ्युरिक आम्ल होतं. मला एकदम शाहू स्टेडियमच्या पायऱ्या आठवल्या. तिथं आरोळीत थ्युसिडिडीस नसतो, जे असतं ते लेकीला सांगण्यासारखं नाही. पण समोर खेळतोय तो आपल्या पेठेतला, उद्या दूध आणायला भेटणार आहे, हे मात्र दोन्हीकडे सारखंच. त्या दिवशी चौथ्या, म्हणजे शेवटच्या प्रयत्नाला काय करायचं हे मी तुमच्या आधी ओरडले. तुम्ही टोपी काढून दाखवलीत.

अंक आला तो घेऊन मी गेल्या आठवड्यात आले होते. तुम्ही पानं उलटत होतात, माझं नाव कुठंय, स्टॅगचं कुठंय, मी बोट ठेवून दाखवत होते. मग तुम्ही म्हणालात, थांब, एक मी ओळखतो. आणि देवनागरीच्या त्या सगळ्या गर्दीत तुमची पेन्सिल बरोबर जाऊन टेकली ती ८५-० मधल्या शेवटच्या आकड्यावर. आपला स्कोअर, म्हणालात.

पेन्सिल अजून माझ्याकडेच आहे. शनिवारी आणते. भाकऱ्याही.

तुमची,
समोरच्या टेबलावरची