इंजिनाला रंगाआधी छप्पर हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझे वडील मीटरगेजवर, म्हणजे एक मीटर रुंदीच्या रुळांवर, धावणाऱ्या वाफेच्या इंजिनांवर फायरमन (भट्टीत कोळसा टाकणारे) होते. कर्नाटक-गोवा सीमेवरील कॅसलरॉक ते कुळे या घाटात साधारण चाळीस फुटांना एक फूट असा चढ असल्याने गाडीला मागूनही इंजिन लावावे लागे आणि भट्टीत कोळसा किती पातळ व सारखा पसरला आहे यावर वाफ टिकते की नाही हे ठरे, असे ते सांगत. सदर्न मराठा रेल्वेने १८८० च्या दशकात आपल्या भागात आणलेला मीटरगेज १९९० च्या दशकात मिरज-लोंढा मार्गावरून गेला, त्याजागी रुंद ब्रॉडगेज आला आणि त्या रुळांसाठी घडवलेल्या इंजिनांना चालायला जागाच उरली नाही. भंगारातून वाचली ती चबुतऱ्यांवर उभी राहिली.

गेल्या पावसाळ्यात असेच एक इंजिन मी जवळून पाहिले. काळा रंग नुकताच दिलेला होता, चाकांना पांढऱ्या पट्ट्याही होत्या. पण धुरांड्याखालच्या स्मोकबॉक्सच्या (भट्टीतला धूर व राख जमा होणाऱ्या कप्प्याच्या) तळाचा पत्रा बोट लावताच सुटून आला. याचे कारण वाफेच्या इंजिनावर काम केलेला कोणीही सांगेल. स्मोकबॉक्सच्या तळाशी साचलेल्या कोळशाच्या राखेत गंधकाचा अंश असतो, उघड्या धुरांड्यातून पावसाचे पाणी त्यात उतरले की सौम्य आम्ल तयार होते आणि पत्रा आतून खाल्ला जातो. बॉयलरवरच्या आवरणात शिरलेले पाणीही तसेच महिनोन्महिने अडकून राहते. खानापूर-लोंढ्याकडचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला हे नुकसान किती वेगाने होत असेल हे वेगळे सांगायला नको. बाहेरून दिलेला रंग हे सारे फक्त झाकतो, म्हणून मला तो मुळीच न देण्यापेक्षाही घातक वाटतो.

१८५५ साली इंग्लंडमधील लीड्स येथे बांधलेले 'फेअरी क्वीन' हे वाफेचे इंजिन सेवेतून निघून कित्येक दशके लोटल्यावर १९९७ साली दिल्ली-अलवर मार्गावर पुन्हा धावले. हरियाणातील रेवाडीची १८९३ ची शेड आजही वाफेच्या इंजिनांची निगा राखते. आपल्याकडील प्रत्येक इंजिन चालते व्हावे, असा हट्ट मी धरणार नाही; बॉयलर पुन्हा दाब सोसण्याजोगा करणे फार खर्चाचे आहे. मात्र साधे पत्र्याचे छप्पर, धुरांड्यावर टोपण, आतली राख पूर्ण काढून टाकणे आणि इंजिन कोठे बांधले, कोणत्या मार्गावर चालले हे सांगणारा कन्नड व मराठी फलक, एवढे तरी रेल्वेने पुढच्या मृगाआधी करावे.

आणखी एक काम तितकेच निकडीचे आहे. आपल्या गावांत अजून हयात असलेल्या ड्रायव्हर, फायरमन व फिटर मंडळींकडून इंजिन पेटवण्यापासून घाट उतरवण्यापर्यंतची माहिती ध्वनिमुद्रित करून घ्यावी. माझे वडील आता नाहीत, आणि त्यांच्यासोबत काम केलेले जे दोघे माझ्या ओळखीचे आहेत ते ऐंशीच्या पुढे आहेत.

आपला,
एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)