प्रबंध जूनपर्यंत लांबला आहे, आई-बाबा

वडोदरा, १२ सप्टेंबर

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांना साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा 'बरं, बरं' म्हणत फोन आईच्या हातात देतात आणि आई लगेच जेवणाचे विचारते, म्हणून लिहून कळवते आहे. प्रबंध डिसेंबरमध्ये सादर न करता जूनमध्ये करायचा, असे मी ठरवले आहे आणि मार्गदर्शक बाईंना तसे सांगूनही झाले आहे. तुम्हाला आधी विचारले नाही, हे मनाला लागून राहिले आहे. पण विचारले असते तर बाबांनी 'तुला योग्य वाटेल ते कर' म्हटले असते आणि रात्रभर कूस बदलत राहिले असते, हे मला ठाऊक आहे. दारावरच्या पाटीसाठी पेंटरला सांगून ठेवले असेल, तर त्याला तूर्त थांबवा.

घाबरण्यासारखे काही नाही. पीएचडीला नियमाने सहा वर्षे मिळतात, स्त्रियांना त्यावर दोन वर्षांची सवलत मिळू शकते, आणि माझे चौथे वर्ष आता सरते आहे. शिष्यवृत्तीही पाच वर्षांची, पहिली दोन ज्युनिअर आणि पुढची तीन सिनिअर, तेव्हा जूनपर्यंत तुमच्याकडे एक रुपया मागावा लागणार नाही.

बडोदे संस्थानातल्या ग्रंथालयांची कागदपत्रे सगळी जमली आहेत. अडले आहे ते माझ्या लिहिण्यापाशी. तिसऱ्या प्रकरणाची पहिली ओळ मी अशी लिहिली होती की सयाजीराव महाराजांनी ज्ञानाची गंगा राज्यातल्या घराघरांत नेली. लिहिली इंग्रजीत, पण ओळ आपल्या निबंधाच्या वहीतलीच होती. बाईंनी शेजारी पेन्सिलीने तीनच शब्द लिहिले, 'कोणाच्या घरात? कधी?' आधी राग आला, मग उत्तर शोधायला बसले. ग्रंथालय खात्याची घडी बसवायला अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डन साहेब १९१० साली आले आणि १९१३ पर्यंत राहिले. प्राथमिक शिक्षण राज्यभर सक्तीचे झाले ते १९०६ साली, म्हणजे फिरत्या ग्रंथालयाच्या पुस्तकांच्या पेट्या खेड्यांत जाऊ लागल्या तेव्हा त्या कायद्याने शाळेत बसलेली पहिली मुले जेमतेम मोठी होत होती. त्या पेट्यांतली पुस्तके वाचणारे किती आणि घरी नेऊन कोनाड्यात ठेवणारे किती, हे माझ्या कागदांत कुठेच नाही. मग घराघरांत गंगा गेली, हे मी कशाच्या जोरावर लिहिले? आता ती ओळ अशी आहे: 'पेट्या खेड्यांत पोहोचल्याच्या नोंदी मिळतात, त्या कोणी उघडल्या, याची नोंद मी पाहिलेल्या कागदांत नाही.' एवढ्याला दोन दिवस लागले, आणि मग सगळे प्रकरण तिच्याभोवती नव्याने मांडावे लागले. प्रत्येक परिच्छेदाशेजारी तो कशासाठी आहे ते एका ओळीत लिहिले. जिथे लिहिता आले नाही, तो परिच्छेद काढून टाकला. ६२ पानांची ४१ झाली. कापताना जिवावर आले होते, खोटे कशाला सांगू.

बाबा, तुम्ही शिकवलेल्या निबंधाला मी नावे ठेवते आहे, असे कृपा करून मनात आणू नका. रामबागेच्या ओट्यावर बसून सुभाषिताने सुरुवात आणि संदेशाने शेवट करायला तुम्ही शिकवले, म्हणून तर टीव्हीवर मांडलेल्या त्या बक्षिसाच्या ढाली आल्या, आणि मुळात लिहायची हौसही तिथूनच लागली. पण त्याच ओट्यावर तुम्ही रात्री कचेरीची खतावणी घेऊन बसत होता, आणि व्हाउचर सापडल्याशिवाय नोंद करायची नाही म्हणून तेरा रुपयांसाठी आईला साडेदहापर्यंत ताटकळत ठेवले होते. मला सध्या ते बाबा हवे आहेत.

आणखी एक गोष्ट लपवली होती, ती आता सांगते. मार्चमध्ये मसुदा संगणकावर तपासला तेव्हा १९ टक्के मजकूर दुसरीकडच्या लिखाणाशी जुळला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत चालते. सादर केलेल्या प्रबंधात १० ते ४० निघाले, तर तो सुधारून जास्तीत जास्त सहा महिन्यांत पुन्हा द्यावा लागतो. मी चोरी केली नव्हती. हंसा मेहता ग्रंथालयात टिपणे काढताना पुस्तकांतली वाक्ये अवतरणचिन्हांशिवाय उतरवली आणि तीन वर्षांनी ती मला माझीच वाटू लागली. आता वहीच्या डाव्या पानावर दुसऱ्याचे शब्द पान क्रमांकासह असतात आणि उजव्या पानावर पुस्तक मिटून लिहिलेले माझे.

पूर्वीच्या संशोधनाचा आढावाही पुन्हा लिहायचा आहे. कोण काय म्हणाले याची मी नुसती वाण्याची यादी केली होती. ते एकमेकांशी कशावरून भांडत आहेत, हे सांगायचे राहून गेले. भांडण कशावरून आहे ते ओळखायला वाड्याच्या वाटणीत आत्या आणि नानाकाकांना ऐकत मोठ्या झालेल्या मुलीला अवघड जाऊ नये, पण गेले.

आई, माझे जेवण व्यवस्थित चालले आहे. दांडिया बाजारातल्या काकूंचा डबा येतो, आमटी आपल्यासारखीच असते, फक्त भाजीला त्या चिमूटभर साखर लावतातच. तू पाठवलेली सेव अजून अर्धा डबा आहे. अकराला दिवा मालवते. परीक्षेच्या पहाटे तू कपाळावर गार हात ठेवून उठवत होतीस. इथे तीन गजर लावते आणि तिन्ही बंद करून झोपते.

आता दोघांनीही नीट ऐका. दिवाळीला मी चारच दिवस येईन, पण मोतीबिंदूच्या ऑपरेशनला अवंतिका एक्सप्रेसने येऊन पंधरा दिवस राहीन, तेव्हा माझ्या प्रबंधाचे निमित्त करून आईने तारीख पुढे ढकलायची नाही. बाबांनी साखर तपासून घ्यावी आणि आकडा मला स्वतः सांगावा, आईकडून नव्हे. न्हाणीत रबरी चटई टाकली का? मागच्या वेळी ती गुंडाळून माळ्यावर ठेवलेली मी पाहिली आहे.

सोबत ती ४१ पाने मोठ्या अक्षरांत छापून पाठवते आहे. बाबा, विषय कळला नाही तरी चालेल. जिथे व्हाउचर दिसत नाही, तिथे नुसती फुली करा. लाल शाई वापरू नका, ती पाहिली की मला अजून सातवीत गेल्यासारखे होते.

तुमची,
मनू

ता. क. आई, ही पाने तू वाचत बसू नकोस, डोळ्यांना ताण होईल. बाबांकडून ऐक, फार झाले तर दिवसाला दोन.