पाहुण्यांचे भाषण झाले, प्रश्नांचे काय?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या शिक्षणविषयक पानावर व्यवस्थापन संस्थांमधील अतिथी व्याख्यानांची वृत्ते नियमित येतात. अमुक उद्योगसमूहाचे अध्यक्ष, तमुक खात्याचे माजी सचिव किंवा एखाद्या सामाजिक संस्थेच्या संस्थापक यांनी ‘उद्योग, शासन आणि समाज’ या विषयावर विद्यार्थ्यांना मार्गदर्शन केले, त्यानंतर प्रश्नोत्तरे झाली, शेवटी संचालकांनी आभार मानले, असा या वृत्तांचा साचा ठरलेला असतो. कोणते प्रश्न विचारले गेले आणि त्यांना काय उत्तरे मिळाली, हे मात्र त्यात कधीच नसते. मी हाच विषय शिकवतो आणि अशा व्याख्यानांच्या आयोजनात माझाही हात असतो. म्हणून वृत्तातल्या या रिकाम्या जागेबद्दल थोडे सविस्तर लिहीत आहे.

हा विषय पाहुण्यांवाचून नीट शिकवता येत नाही, हे आधीच मान्य करतो. ताळेबंद वाचायला किंवा भांडवलाचा खर्च काढायला पुस्तक पुरते. पण सांडपाण्याच्या प्रक्रियेवर किती पैसे घालायचे हे ठरवताना संचालक मंडळात कोण काय बोलले, परवान्याची फाइल एकाच टेबलावर का अडून राहिली आणि जनसुनावणीत लोक चिडून उठले ते नेमके कशामुळे, हे त्या खुर्चीत बसलेल्या किंवा त्या गर्दीत उभ्या असलेल्या माणसाकडूनच कळते. कंपनीला नियम म्हणजे विलंब वाटतो, अधिकाऱ्याला कंपनी म्हणजे पळवाटा शोधणारा पक्ष वाटतो आणि लोकांना हे दोघे आतून एकच असल्याचा संशय असतो. विद्यार्थी पुढे यांपैकी एका बाजूला जाऊन बसणार असतो. उरलेल्या दोन बाजूंचे म्हणणे शांतपणे ऐकून घ्यायची संधी त्याला बहुधा वर्गातच मिळते, नंतर नाही.

उद्योजकांना वर्गात आणण्याची रीत जुनी आहे आणि तिचे मूळ रूप आजच्यापेक्षा पुष्कळच कडक होते. हार्वर्ड बिझनेस स्कूल 1908 साली स्थापन झाले. तिथे 1912च्या सुमारास व्यवसाय धोरण या विषयाचा अभ्यासक्रम सुरू झाला, तेव्हा उद्योजक आपल्या कंपनीपुढचा खराखुरा प्रश्न घेऊन वर्गात येत. पहिल्या तासाला ते प्रश्न मांडत आणि विद्यार्थ्यांच्या शंकांना उत्तरे देत. त्यानंतर प्रत्येक विद्यार्थी त्या प्रश्नाचे विश्लेषण आणि स्वतः सुचवलेला उपाय लेखी सादर करी. आणि पुढे तेच उद्योजक परत येऊन त्या अहवालांवर वर्गाशी चर्चा करीत. पाहुणा दोनदा येई, ही त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाब. आपल्याला परत येऊन जाब द्यायचा आहे हे ज्याला ठाऊक असते, तो वक्ता पहिल्या दिवशी तोलून मापून बोलतो, आणि ज्याला लेखी लिहून द्यायचे आहे तो विद्यार्थीही कान देऊन ऐकतो.

आज चित्र वेगळे आहे. व्याख्यानासाठी राखलेल्या वेळातला मोठा भाग संस्थेची ओळख, संचालकांचे मनोगत, पाहुण्यांचा परिचय आणि सत्कार यांतच संपतो. पाहुण्यांचे सादरीकरण पुष्कळदा कंपनीच्या जनसंपर्क विभागाने तयार केलेले असते. झाडे लावणारे कर्मचारी आणि नव्या बाकांवर बसलेली शाळकरी मुले त्यात हटकून दिसतात. शेवटी सूत्रसंचालक घड्याळाकडे पाहत ‘वेळेअभावी दोनच प्रश्न घेऊ’ असे जाहीर करतो आणि त्या दोनांपैकी एक प्रश्न ‘आपल्या यशाचे रहस्य काय’ हा असतो.

याचा दोष विद्यार्थ्यांना देऊन चालणार नाही. अनेक ठिकाणी पाहुण्यांची यादी विषय शिकवणारा प्राध्यापक करतच नाही, ती प्लेसमेंट विभागाकडून येते. ज्या कंपनीचे मनुष्यबळ अधिकारी काही महिन्यांनी मुलाखती घ्यायला येणार आहेत, तिच्या उपाध्यक्षांना कंत्राटी कामगारांच्या अपघाताबद्दल विचारायला कोण धजावेल? प्रश्नांच्या चिठ्ठ्या आधी मागवून घेऊन त्यांतल्या अडचणीच्या चिठ्ठ्या अलगद बाजूला काढल्या जाताना मी पाहिल्या आहेत.

अशा भाषणांतून काय निसटते, ते एका उदाहरणावरून सांगतो. हे उदाहरण व्याख्यानांत वारंवार ऐकायला मिळते. 1982 साली अमेरिकेतील शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड भरले आणि सात जणांचा मृत्यू झाला. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने देशभरातून सुमारे 3 कोटी 10 लाख बाटल्या परत मागवल्या, त्यापायी 10 कोटी डॉलरहून अधिक खर्च सोसला आणि पुढे सुरक्षित वेष्टनात तेच औषध बाजारात आणून ग्राहकांचा विश्वास परत मिळवला. व्याख्यानात गोष्ट इथे संपते आणि टाळ्या पडतात. यातले काहीही खोटे नाही, आणि कंपनीचा निर्णय खरोखरच धाडसाचा होता. पण त्या घटनेत कंपनीखेरीज इतरही माणसे होती. आर्लिंग्टन हाइट्स या उपनगरातील सार्वजनिक आरोग्य परिचारिका हेलन जेन्सन एकाच कुटुंबातील मृत्यूंची चौकशी करण्यासाठी त्या घरी गेल्या, तिथली बाटली उचलली, आतल्या कॅप्सूल मोजून पाहिल्या आणि मृत्यूचे कारण या बाटलीतच असावे असे सांगितले. पोलिसांनी गाड्यांवर ध्वनिक्षेपक लावून वस्त्यावस्त्यांत लोकांना सावध केले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या औषधांना छेडछाड झाल्यास लगेच लक्षात येईल असे वेष्टन बंधनकारक करण्याचा नियम आणला, आणि 1983 मध्ये तिथल्या काँग्रेसने असा विषप्रयोग हा केंद्रीय कायद्याखालील गुन्हा ठरवला.

हा दुसरा भाग गाळला की विद्यार्थी चुकीचा निष्कर्ष घेऊन घरी जातो. चांगल्या माणसांच्या हाती कंपनी असली की झाले, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात एकाच कंपनीने महाग वेष्टन वापरले असते, तर स्वस्त वेष्टनातला प्रतिस्पर्धी उद्या तिच्या पुढे गेला असता. नियमामुळे तो खर्च सगळ्यांच्याच माथी सारखा बसला आणि बाटलीच्या तोंडावरचे सील एखाद्या कंपनीच्या सज्जनपणावर अवलंबून राहिले नाही. उद्योग, शासन आणि समाज यांचा संबंध म्हणतात तो हाच आहे, आणि तो केवळ कंपनीच्या प्रतिनिधीच्या तोंडून पूर्ण ऐकायला मिळणे अवघड असते.

म्हणून माझा आग्रह असा आहे की तीन क्षेत्रांतले तीन मान्यवर तीन वेगवेगळ्या दिवशी बोलावून आपापल्या आवडीच्या विषयावर बोलू देण्याऐवजी, एकच घटना किंवा एकच निर्णय घेऊन त्याच्या तिन्ही बाजूंची माणसे एका वर्गात बसवावीत. बांगलादेशातील राणा प्लाझा ही इमारत 24 एप्रिल 2013 रोजी कोसळली आणि 1,134 माणसे दगावली. आदल्याच दिवशी भिंतींना भेगा पडलेल्या दिसल्या होत्या. खालच्या मजल्यांवरील बँक आणि दुकाने बंद ठेवण्यात आली, पण वरच्या मजल्यांवरच्या कपड्यांच्या कारखान्यांतील कामगारांना दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर बोलावले गेले. वरचे मजले परवानगीवाचून चढवलेले होते. या प्रकरणावर एखाद्या ब्रँडच्या सामाजिक उत्तरदायित्व प्रमुखाचे भाषण ठेवले, तर मुलांना मूल्यांविषयी ऐकायला मिळेल. त्याऐवजी अशाच धंद्यात ज्याने कापडाचा दर आणि माल पोचवण्याची तारीख ठरवली आहे असा खरेदी अधिकारी, इमारतींची तपासणी केलेला निरीक्षक आणि शिवणयंत्रावर काम केलेली एखादी कामगार समोर बसवली, तर तारीख चुकल्यास कोणाला किती दंड बसतो, निरीक्षकाच्या वाट्याला किती इमारती येतात आणि ‘आज कामावर येत नाही’ असे म्हटल्यावर त्या बाईच्या पगाराचे काय होते, हे तिन्ही प्रश्न एकमेकांना जोडून विचारता येतील. राणा प्लाझानंतर महिनाभरातच, मे 2013 मध्ये, ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात कायद्याने बंधनकारक असा सुरक्षा करार झाला. तो आधी का होऊ शकला नाही, यावर त्या तिघांचे एकमत होणार नाही. ते होऊही नये. त्या मतभेदाच्या नोंदी विद्यार्थ्यांच्या वहीत उतराव्यात.

अमेरिकी अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांचा 1970 सालचा प्रसिद्ध लेख या विषयात सगळेच उद्धृत करतात. नफा वाढवणे हीच उद्योगाची सामाजिक जबाबदारी, एवढेच त्यातले लोकांच्या लक्षात राहिले आहे. फसवणूक न करता, खुल्या स्पर्धेत आणि खेळाच्या नियमांत राहून, ही अट त्यांनी सोबत घातली होती. उलट बाजूने, 2019 साली अमेरिकेतील बिझनेस राउंडटेबल या संघटनेच्या 181 कंपनीप्रमुखांनी ग्राहक, कर्मचारी, पुरवठादार आणि स्थानिक समाज या सगळ्यांशी आपली बांधिलकी असल्याचे निवेदन काढले. दोन्ही भूमिकांत एक प्रश्न अनुत्तरित राहतो, तो म्हणजे हे नियम लिहिताना उद्योगांनी स्वतः काय केले. एखाद्या नियमाचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध होतो, तेव्हा कंपन्या आणि त्यांच्या संघटना लेखी म्हणणे मांडतात आणि अनेकदा ते सर्वांना वाचायला उपलब्ध असते. विद्यार्थ्यांनी ते आधी वाचून यावे आणि पाहुण्यांना विचारावे, की भाषणात आपण ज्या मूल्याचा गौरव केलात, त्याच विषयावरच्या नियमाला आपल्या संघटनेने विरोध का नोंदवला? माझ्या मते संपूर्ण सत्रातला हा सर्वांत उपयोगी प्रश्न असेल, आणि तो विचारायला फारसे धाडसही लागत नाही, कारण कागद समोर असतो.

परिचयाबद्दलही एक सूचना आहे. ‘माजी सचिव’ म्हणून ओळख करून दिलेले वक्ते आज कोणत्या कंपनीचे सल्लागार आहेत, ‘धोरण अभ्यासक’ म्हणवणाऱ्या संस्थेला देणग्या कोणाकडून मिळतात, हे श्रोत्यांना सांगितले जात नाही. 2008च्या आर्थिक संकटानंतर अर्थतज्ज्ञांच्या हितसंबंधांवर बरीच टीका झाली, तेव्हा अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनने 2012 साली आपल्या नियतकालिकांत लिहिणाऱ्यांना असे संबंध जाहीर करणे बंधनकारक केले. जो नियम लेखाला आहे, तो व्याख्यानाला का नसावा? परिचयात पदव्या आणि पुरस्कारांची जंत्री वाचतो, तिथे दोन वाक्ये याचीही वाचावीत. पाहुण्यांचा त्यात अपमान नाही.

सेवेत असलेल्या अधिकाऱ्यांची अडचण मात्र खरी आहे. जाहीर सभेत त्यांना शासनाच्या अधिकृत भूमिकेपलीकडे बोलता येत नाही आणि त्यामुळे त्यांची व्याख्याने योजनांच्या यादीवर येऊन थांबतात. लंडनच्या चॅटम हाउस या संस्थेने 1927 साली यावर तोडगा काढला. बैठकीत जे ऐकले त्याचा उपयोग करावा, पण कोण बोलले ते बाहेर सांगू नये, असा तो नियम आहे. काही सत्रे या नियमाखाली घ्यावीत, छायाचित्रकार बोलावू नये, ध्वनिमुद्रण करू नये. कामगार आणि बाधित लोकांनाही याच संरक्षणाची तितकीच गरज असते, हे आपण विसरतो.

असे कडक धोरण ठेवले तर मोठी माणसे येणार नाहीत, असा आक्षेप माझे सहकारी घेतात. काही जण येणार नाहीत, हे खरे. पण हाताखालच्या कारखान्याचा व्यवस्थापक, तालुका पातळीवरचा निरीक्षक, ग्राहक न्यायालयात वर्षानुवर्षे खेटे घालणारा कार्यकर्ता हे आनंदाने येतात आणि तपशिलात बोलतात, असा अनुभव आहे. आलेल्या प्रत्येकाला मानधन सारखेच द्यावे, एवढे पथ्य संस्थांनी पाळावे. कंपनीच्या अधिकाऱ्याला विमानाचे तिकीट आणि कामगार प्रतिनिधीला नुसते प्रशस्तिपत्र, हा प्रकार बंद व्हावा.

आपल्याकडे विनंती एवढीच, की यापुढे अशा व्याख्यानाचे वृत्त छापताना पाहुण्यांचे एखादे सुभाषित कमी करून विद्यार्थ्यांनी विचारलेले दोन प्रश्न आणि त्यांना मिळालेली उत्तरे छापावीत. उत्तर टाळले गेले असेल, तर तेही लिहावे. सत्र नाव न सांगण्याच्या अटीवर झाले असेल, तर नावाविना छापावे. आपल्या पानावर प्रश्नांना जागा आहे असे दिसले, तर संस्थांनाही प्रश्नोत्तरांसाठी वेळ राखून ठेवावा लागेल.

आपला विश्वासू,
व्यवस्थापनशास्त्राचा एक अध्यापक