गाडी कुंईंई करतेय म्हणून लगेच अल्टरनेटर बदलू नकोस

प्रिय संज्या,

मेसेज वाचला, क्लिप पण ऐकली, पण त्यात वाराच जास्त ऐकू येतोय आणि गाडी कमी. तरी तू लिहिलंयस त्यावरून कळतंय, ॲक्सिलरेटर दाबला की कुंईंई सुरू, पाय काढला की गप्प, आणि मिस्त्री म्हणतोय अल्टरनेटरचं, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचं, बेअरिंग गेलं, नवीनच टाकू. अरे थांब जरा. पार्ट आणायच्या आधी एवढंच शोध की आवाज इंजिनाबरोबर वाढतो का चाकांबरोबर. तेवढं कळलं की अर्धी गाडी संशयातून सुटली समज.

गाडी उभी कर, हँडब्रेक ओढ, न्यूट्रलला हळूहळू रेस दे. उभ्या गाडीत तोच आवाज आला तर भानगड पुढेच आहे, बेल्टवर फिरणारं काहीतरी. स्टिअरिंग वळवल्यावर वाढला तर पॉवर स्टिअरिंगचा पंप, त्याचं ऑईल आधी बघ, कमी झालं की पंप हवा ओढतो आणि रडायला लागतो. हेडलाईट, ब्लोअर सगळं लावल्यावर वाढला तर मग अल्टरनेटरवर संशय घे, तुझ्या मिस्त्रीला मी सरसकट खोटं नाही म्हणत. इंजिन बंद करून बाहेरचा बेल्ट उतरव आणि काही सेकंदच चालू करून बघ, आवाज गेला तर पुली, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा), पंप, अल्टरनेटर यातलंच कोणीतरी. जास्त वेळ नको हां, बऱ्याच गाड्यांत वॉटर पंप त्याच बेल्टवर असतो. आणि डिझेल टर्बो असेल, शिट्टीसारखा आवाज येतोय, पिकअप मेलाय, धूर काळा, तर टर्बोचे होजपाईप आणि क्लॅम्प तपास, कुठेतरी हवा फुटत असेल.

उभ्या गाडीत काहीच नाही आलं, तर मोकळ्या रस्त्यावर जा. ६० च्या स्पीडला तिसऱ्या गिअरात ऐक, मग त्याच स्पीडला चौथ्यात ऐक. आवाजाची पट्टी खाली आली तर तो इंजिनाच्या बाजूचा, जशीच्या तशी राहिली तर गिअरबॉक्सच्या मागचा. फक्त ठराविक गिअरात येत असेल तर गिअरबॉक्स, बऱ्याच रिअर व्हील ड्राईव्ह गाड्यांत चौथा गिअर डायरेक्ट असतो, त्यात खालच्या शाफ्टवर लोड येत नाही म्हणून तिथे बॉक्स शांत होतो आणि बाकी गिअरात ओरडतो. रस्ता बदलला की आवाज बदलतो, तर टायर. वळणावर घूं घूं कमीजास्त होतं, तर व्हील बेअरिंग.

आता मला काय वाटतं ते सांगतो, कारण माझ्या पिकअपला अगदी हेच झालं होतं. लोड घेताना येतो आणि सोडल्यावर जातो म्हटल्यावर माझं बोट मागच्या डिफरन्शियलकडेच, म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधल्या गिअरच्या गोळ्याकडेच, जातं. त्याच्या आतल्या क्राऊन-पिनियनचे, म्हणजे मोठ्या आणि छोट्या गिअरचे, दात रेस देताना एका बाजूने दाबतात आणि पाय काढल्यावर दुसऱ्या बाजूने, त्यामुळे एकच बाजू खराब झाली असली तर आवाजही एकाच वेळी येतो. माझ्या गाडीत पिनियनचं ऑईल सील गळत होतं, आणि गळायचं कारण वरचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारं भोक, तो चिखलाने बुजलेला, एक्सल तापला की आतली हवा फुगते आणि बाहेर पडायला जागा नाही म्हणून ऑईलच सीलमधून ढकलते. मधल्या काळात एका गॅरेजवाल्याने गिअरबॉक्सच उतरवायला सांगितला होता, खाली वाकून बघितलं पण नव्हतं त्याने!

तू आधी डिफरन्शियलचा फिलर प्लग, म्हणजे ऑईल भरायच्या भोकाचा बोल्ट, उघड, ऑईल सोडायचा ड्रेन नाही, फिलर. तो जाम असला आणि ऑईल आधीच सोडून बसलास तर भरशील कुठून. सपाट जागेवर ऑईल भोकाच्या खालच्या काठापर्यंत पाहिजे, बोट घालून बघ. मग ड्रेन प्लगला मॅग्नेट असेल तर त्यावरची राखाडी पेस्ट बोटात चोळून बघ, मऊ लागली तर नेहमीची झीज, चकाकणारे तुकडे निघाले तर हाऊसिंग उघडावंच लागणार. ऑईल मॅन्युअलमधे लिहिलंय तेच घाल, या दातांना साधारण जीएल-५ दर्जाचं गिअर ऑईल लागतं, दात एकमेकांवर घासत सरकतात ना. पण तेच सरसकट गिअरबॉक्समधे ओतू नकोस, काही बॉक्सना जीएल-४ च सांगितलेलं असतं, गिअर अलगद पडायला मदत करणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगांमुळे.

माझा आवाज सील, ब्रीदर आणि नव्या ऑईलने कमी झाला पण गेला नाही, शेवटी पिनियनची बेअरिंग बदलली तेव्हा गेला. हे काम मात्र घरी करू नकोस, खरंच. पिनियनचा नट अंदाजाने आवळला की प्रीलोड, म्हणजे बेअरिंगवरचा ठरलेला दाब, बिघडतो, क्रश स्लीव्ह (आवळताना दबणारी नळी) असेल तर नवीनच टाकावी लागते, बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, मोजायला डायल गेज लागतो आणि रंग लावून दातांवरचा ठसा बघावा लागतो. ज्याच्याकडे डायल गेज नाही त्याच्याकडे काम देऊच नकोस, मग तो कितीही जुना जाणकार असो.

काचा बंद करून, मोबाईल मागच्या सीटवर ठेवून नवीन क्लिप पाठव, एक तिसऱ्यातली, एक चौथ्यातली. आणि मॅग्नेटचा फोटो पण पाठव. तोपर्यंत जड माल भरू नकोस.

तुझा,
बाळ्या