सुभेदार अण्णांना, वणव्याच्या खोलीतून

आदरणीय सुभेदार अण्णा,
साष्टांग नमस्कार.

15 जूनला वणव्याचा हंगाम संपला. वळवाच्या दोन सरी आधीच पडून गेल्या होत्या, तरी तुमच्या शिस्तीप्रमाणे शेवटच्या तारखेपर्यंत खोली उघडी ठेवली. तुम्ही पुण्याला लेकाकडे गेल्यानंतरचा हा पहिलाच हंगाम. त्या दिवशी फोनवर तुम्ही एकच विचारलंत, "सगळी परत आली का?" मी "हो" म्हटलं आणि पुढं आवाजच फुटेना. म्हणून हे पत्र. आणि ते सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण डोंगरावर आग झोडपणाऱ्या पोरांचे फोटो छापून आले, सत्कार झाले. ते व्हायलाच हवे होते. पण शाळेच्या त्या जुन्या खोलीत वही घेऊन बसलेल्या माणसाचा फोटो कुणी काढला नाही.

आपल्या जावळी खोऱ्याला वणवा नवा नाही. गवत जाळलं की पुढच्या पावसात जोमानं फुटतं असं मानणारे अजून आहेत. कुणी बांध जाळताना आग हातची जाते, कुणी पेटती बिडी टाकून पुढं निघून जातं. पूर्वी धूर दिसला की ज्याला जसं सुचेल तसा तो धावायचा. कोण कुठल्या वाटेनं वर गेलं, कुणाकडे पाणी आहे, कोण मधूनच घरी आलं, काही पत्ता नसायचा. एकदा एका पोरासाठी रात्री अकरापर्यंत आपण रानभर हाका मारत हिंडलो आणि तो केव्हाच घरी येऊन झोपला होता. सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. तुम्ही नाही नेलंत. दुसऱ्या दिवशी सकाळी सरपंचांच्या दारात जाऊन तुम्ही त्या बंद खोलीची किल्ली मागितलीत.

मला आठवतं, तुम्ही फळ्यावर डोंगराचा नकाशा चिकटवलात आणि खुणा करायला काहीच सापडेना. मी पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढून दिलं. लाल टिकली आगीची, हिरवी आपल्या टोळीची, काळी जळून गेलेल्या रानाची. त्या दिवसापासून मी टिकल्यांची पाकिटं कपाळापेक्षा नकाशासाठीच जास्त घेतली आहेत. मग आली ती लांबट वही. नाव, टोळी, निघाल्याची वेळ, पाणी किती, सोबत कोण, आणि शेवटचा रकाना, परत आल्याची वेळ. नायलॉनची पँट घालून आलेल्याला तुम्ही उंबऱ्यावरूनच परत पाठवायचात, "जा, सुती घालून ये. हे वितळून अंगाला चिकटतं." दोन लिटर पाण्याशिवाय कुणाचं नाव वहीत चढत नसे. आणि वहीत नाव नाही तो डोंगरावर नाही.

खरं सांगते, तेव्हा मला राग आला होता. नवरा, दीर, शेजारची पोरं निर्गुडीच्या ओल्या फांद्या घेऊन वर जात होती आणि मला मात्र तुम्ही खुर्चीवर बसवलंत. वाटलं, बाईमाणूस म्हणून बसवलं. तुम्ही भिंतीवरच्या कात्रणाकडे बोट दाखवलंत. तमिळनाडूतल्या कुरंगणीच्या डोंगरात 11 मार्च 2018 ला ट्रेकिंगला गेलेली माणसं वणव्यात सापडली आणि वीसहून अधिक जणांचा जीव गेला, त्याची ती बातमी. म्हणालात, "सूनबाई, आग झोडपायला दहा जण मिळतात. कोण कुठं आहे हे ध्यानात ठेवायला एकच माणूस लागतं, आणि ते जागेवरून हलून चालत नाही."

त्याचा अर्थ मला तीन वर्षांपूर्वीच्या त्या मार्चमधल्या दुपारी कळला. सात जणांची टोळी धारेवर होती. वर्गणी काढून घेतलेले चार वॉकीटॉकी होते. डोंगर आडवा आला की त्यांचा आवाज पोचत नाही, म्हणून वरच्या देवळापाशी तुम्ही एक पोरगा बसवला होता. निरोप त्याच्यामार्फत जायचा. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून उपग्रहाचा आगीचा संदेश येतो, तो आपल्या वनरक्षकांच्या फोनवर आला होता खरा, पण त्यातला एकेक ठिपका म्हणजे पावणेचारशे मीटर रान, आणि तोही काही वेळापूर्वीचा. देवळापाशी बसलेल्या पोराला मात्र धूर डोळ्यांसमोर दिसत होता. चारच्या सुमाराला त्यानं कळवलं, "धूर उलटा झुकलाय."

तुम्ही एक क्षणही घालवला नाहीत. "टोळीला खाली घ्या. जळीतातून उतरायला सांग." मी सेटवर सांगितलं, देवळावरच्या पोरानं पुढं पोचवलं. तुमचा नियम होता की ऐकलेला निरोप जसाच्या तसा परत म्हणून दाखवायचा. जबलपूरला लष्कराच्या सिग्नल दलात शिकलेली तुमची सवय. आम्हाला तो वेळेचा अपव्यय वाटायचा. टोळीकडून उत्तर आलं, "समजलं. नळीतून उतरतो."

जळीतातून आणि नळीतून. एवढाच फरक.

नळी म्हणजे काय ते आपल्या डोंगरातल्या माणसाला सांगायला नको. दोन्ही बाजूंना कारवी, मधे वाळलेला पाला, आणि खालून आग लागली की धुराड्यातून चढावी तशी सरळ वर. उतार दहा अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग जवळजवळ दुप्पट होतो, हे तुम्हीच फळ्यावर लिहून ठेवलं होतं. माझ्या हातातून सेट घेतलात आणि आवाज जराही न चढवता म्हणालात, "नळीत जायचं नाही. नळीत नाही. काळ्या रानातून उतरा. परत म्हणा." त्यांनी म्हटलं. तुम्ही पुन्हा म्हणायला लावलंत. मग सेट माझ्या हातात परत दिलात. तेव्हा तुमची बोटं थरथरताना मी पाहिली. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

तासाभरानं सात जण जळालेल्या रानातून खाली आले, गुडघ्यापर्यंत राखेनं माखलेले. नळी तोवर पेटून वरपर्यंत गेली होती, खोलीच्या खिडकीतून दिसत होती. त्या सातांत माझा धाकटा दीर होता. शेवटच्या रकान्यात मी सात वेळा 5.10 लिहिलं आणि मग बाहेर जाऊन रडले. तुम्ही मागून आलात आणि फक्त म्हणालात, "आजपासून 'जळीत' म्हणायचं नाही. 'काळं' म्हणायचं." मोहिमेत बोलायच्या शब्दांची यादी तुम्ही त्याच रात्री केलीत. ती अजून दारामागे चिकटवलेली आहे.

यंदा खोली मी चालवली. जानेवारीतच वनखात्याच्या माणसांबरोबर जाळरेषा, म्हणजे आग पुढं सरकू नये म्हणून मोकळे केलेले पट्टे, काढून घेतल्या. 1926 हा वनखात्याचा नंबर प्रत्येक घराच्या दारावर खडूनं लिहिला. एकूण नऊ वेळा वही उघडली. एका रात्री वारा असा सुटला की एक अख्खं टेपाड सोडून द्यावं लागलं. पोरं चिडली, "अजून अर्धा तास दिला असता तर वाचवलं असतं." कदाचित वाचलंही असतं. मी माघारी बोलावलं, कारण देवळावरून धूर दिसेनासा झाला होता, आणि दिसत नसेल तर कुणाला पुढं पाठवायचं नाही हा तुमचा शब्द होता. त्या टेपाडावरचे हिरडे गेले. त्याचं मला वाईट वाटतं, रोज जाता-येता दिसतात. पण त्या रात्रीचा निर्णय मी पुन्हाही तोच घेईन.

अण्णा, तुम्ही मला आग विझवायला कधीच शिकवलं नाहीत. तुम्ही मला माणसं मोजायला शिकवलंत. त्याबद्दल मी, माझ्या सासूबाई, आणि त्या सात जणांच्या घरची सगळी तुमची ऋणी आहोत. माझ्या जावेला मुलगा झाला. बाप त्या दिवशी धारेवर होता, तो हाच दीर.

शेजारची एक नववीतली मुलगी हल्ली खोलीत येऊन बसते. तिला टिकल्या लावायचं काम दिलंय. निरोप परत म्हणून दाखवायचा तिला कंटाळा येतो, अगदी मला यायचा तसाच. दिवाळीला गावी याल तेव्हा तिला तुम्हीच सांगा. वही कपाटात ठेवली आहे, यंदाचा शेवटचा रकाना शेवटपर्यंत भरलेला आहे. तुम्ही तपासून खाली सही करावी, म्हणून पान कोरं सोडलंय.

तुमची सूनबाई