हे पत्र आईने वाचून दाखवायचं

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, पण पत्र बाबांच्या हातात देऊ नकोस. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन पाच दिवस झालेत, डोळ्याला ताण नको म्हटलंय. तू वाचून दाखव. आणि मध्येच थांबून ‘पुढचं काही विशेष नाही’ असं म्हणू नकोस, त्यांना तुझा आवाज कळतो.

फोनवर सांगता आलं असतं. तीन रविवार तेच ठरवून फोन लावला आणि तिन्ही वेळा आपण आंब्याच्या मोहोरावर बोलून ठेवून दिला.

माझं पुस्तक येतंय. पाडव्याच्या सुमाराला. कादंबरी आहे, प्रेमाची, दोन मुलांची. दोन मुलांची म्हणजे मुलगा आणि मुलगा. वर माझं खरं नाव आहे. मुखपृष्ठ छापायला गेलं, त्यामुळे विचारत नाहीये, सांगतोय. विचारलं असतं तर बाबा ‘तुझं तू बघ’ म्हणाले असते आणि रात्रभर पंख्याकडे बघत पडले असते. ते नको होतं. (आणि मला ‘नको’ ऐकायचं नव्हतं, हेही आहेच.)

टोपणनाव घ्या, असं प्रकाशकांनीच सुचवलं होतं, काळजीने. मी दोन नावं काढूनही ठेवली होती. विनय म्हणाला, “घरमालकांसाठी सहा वर्षं मी तुझा मावसभाऊ आहे. आता तूही दुसराच कोणी होणार का?” एवढं बोलून तो कुकर लावायला गेला. मी रात्री ती दोन्ही नावं खोडली. नोकरीचं म्हणाल तर नोकरी आहे तिथेच आहे, ऑफिसात माहीत आहे, कोणी काही म्हणत नाही. पुस्तकाला माझे पैसेही घातलेले नाहीत.

गोष्ट सांगून ठेवतो, म्हणजे वाचन मंदिरात कोणी आधी बोललं तर बाबा गोंधळायला नकोत. डोंबिवलीतला एक मुलगा. मित्राच्या लग्नाला सावंतवाडीला जायचंय आणि तिथे, ज्याच्याशी त्याचं मोडलं, तोही येणार. सगळे ‘बिचारा’ म्हणतील म्हणून हा ठोकून देतो, माझंही जमलंय. मग शेजारच्या ब्लॉकमधला, गॅसचा लायटर मागायला येणारा एक जण आहे, त्याच्या हातापाया पडतो : तीन दिवस माझा हो. लाइटबिलाच्या पाठीवर अटी लिहितात. हात फक्त फोटोत धरायचा. लाडाचं नाव ठेवायचं नाही. रविवारी रात्री सगळं संपलं. पुढचं आई तुला आत्ताच कळलं असेल, तू मालिकांचा शेवट दुसऱ्याच भागात सांगतेस.

इंग्रजीत असल्या गोष्टींचा ढीग आहे. ‘फेक डेटिंग’ म्हणतात. त्यातली खोच एकाच जागी असते, बघायला कोणी नसतं तेव्हा. माझे दोघं रात्रीच्या गाडीत आहेत, सगळी वऱ्हाडी मंडळी घोरतायत आणि तरी दुसरा आपली शाल अर्धी याच्या अंगावर ओढतो. कोणासाठी ओढली? बस, तिथून अटी ढासळायला लागतात. पण मुलगा-मुलीच्या गोष्टीत नाटक केलं तर घरचे खूशच होतात, फार तर तारीख काढतात. इथे नाटक करायचं तरी आधी सगळ्या वऱ्हाडापुढे खरं सांगावं लागतं. प्रेम खोटं, पण चारचौघांत उभं राहणं पहिल्या मिनिटापासून खरं. मला लिहायचं होतं ते हेच. आमचं तर उलटंच चाललंय ना, प्रेम नसल्याचं नाटक. घरमालकांसमोर मी अजून विनयला ‘अरे भाऊ’ म्हणतो.

नवरीची आजी सगळं ओळखून असते. ती तुझ्यावरून घेतलेली नाही, आई. थोडीशी आहे.

आणि अकरावं प्रकरण वाचून दाखवू नकोस. वाईट काही नाही त्यात. पण तू वाचत असताना माझे कान इथे लाल होतील.

हे सुचतं कुठून, म्हणशील. पडवीत ताईची भातुकली मांडलेली असायची, आठवतं? मी नवरा व्हायला तयार नसायचो म्हणून ती मला कायम पाहुणा करायची. बुडकुल्यातला भात खोटा, चहा खोटा, पाहुण्याला निरोप देतानाचं रडणं खोटं. पण तू खिडकीतून चणे-गूळ द्यायचीस तो खरा. ताई ओरडायची, “ए, खोटं-खोटं खा!” तोवर माझे संपलेले असायचे. दोनशे पानांत मी तेवढंच लिहिलंय.

बाबा, एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. २०२१ च्या जुलैत पूर ओसरल्यावर विनय चिखल काढायला आला होता. आईने तुमची लुंगी त्याला दिली, ती घोट्याच्या वर राहायची. माळ्यावर तो पुस्तकं वाळत घालत होता, तेव्हा त्या जाड शब्दकोशात त्याला वर्तमानपत्राचं घडी घातलेलं पान सापडलं. ७ सप्टेंबर २०१८ चं. आदल्या दिवशी सुप्रीम कोर्टाने, आमच्यासारख्यांचे संबंध गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमातून आम्हाला मोकळं केलं होतं, गणपती आठवड्यावर आले होते. पान ओलं होऊन चिकटलं होतं तरी मथळा वाचता येत होता. त्याने मला दाखवलं आणि आम्ही होतं तिथेच ठेवलं. पुढच्या शिमग्याला मी स्वयंपाकघरात सांगितलं, आई पुरण घाटायची थांबली, आणि तुम्ही फक्त “जेवून घ्या दोघं” म्हणालात, तेव्हा सगळे समजले की तुम्हाला नीट ऐकू गेलं नाही. मला माहीत होतं.

कादंबरीत शेवटी लग्न नाही. लावता आलं असतं, पण खोटं झालं असतं. १७ ऑक्टोबर २०२३, घटाची तिसरी माळ होती. तू फोन केलास, “टीव्हीवर तुमचं काहीतरी चाललंय, काय झालं?” मी म्हटलं, पाचही न्यायाधीश म्हणाले की लग्न हा मूलभूत हक्क नाही, कायदा करायचा तर संसदेने करावा. तू म्हणालीस, “बरं. जेवलास का?” म्हणून माझे दोघं शेवटच्या प्रकरणात बँकेत जातात, संयुक्त खातं काढायला. हे मात्र खरं आहे. २८ ऑगस्ट २०२४ ला अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की आमच्यासारख्यांना असं खातं काढायला किंवा जोडीदाराला नॉमिनी करायला कसलीही आडकाठी नाही. आमचंही काढून झालंय. तुझ्या ‘म्हातारपणी तुझं कोण’ला सध्या माझ्याकडे हे पासबुक आहे. आणि पानात आमटी असते. विनय बरी करतो, आमसूल जरा जास्त घालतो. गोडा मसाला संपत आलाय.

आता ऐका. बाबा, थेंब वेळेवर. डोळा चोळायचा नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, पोफळीखाली वाकून काही उचलायचं नाही. झोपताना डोळ्यावरची झाकणी काढायची नाही. स्कूटरची किल्ली आईकडे. आई, साखरेची गोळी घेऊन देवपूजेत तासभर काढू नकोस, आधी खाऊन घे. आत्याला मी स्वतः सांगेन, तुम्ही मध्ये पडू नका. आणि कोणी विचारलंच तर उत्तर द्यायला बांधील नाही तुम्ही. ‘त्यालाच विचारा’ म्हणा, नंबर द्या माझा.

शिमग्याला येतोय. दोघं. चार दिवस.

तुमचा,
बाळू

ता. क. बाबा, मुखपृष्ठावर माझं नाव आणि आडनाव आहे, मध्ये तुमचं नाव नाही. लाज वाटली म्हणून काढलं असं समजू नका. तुम्हाला विचारल्याशिवाय घालवेना, आणि विचारायचा धीर होईना. दुसरी आवृत्ती निघालीच तर घालू का? आईला सांगा, ती लिहील. तुम्ही लिहायला बसू नका.