राजकीय मानवशास्त्राची वाचनयादी वॉर्डातून सुरू व्हावी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जून उजाडला की विभागात वाचनयाद्यांची बैठक भरते. गेली 19 वर्षे मी मुंबईत एम.ए.च्या मुलांना समाजशास्त्र शिकवते आहे आणि राजकीय मानवशास्त्राचा, म्हणजे माणसांच्या समाजात सत्ता आणि अधिकार कसे चालतात याच्या अभ्यासाचा, पेपर बहुतेक वेळा माझ्याच वाट्याला येतो. यंदाच्या बैठकीतून मी अस्वस्थ होऊन बाहेर पडले. मुख्य यादीत मराठीतले एकही पुस्तक आले नाही. मी सुचवलेली ‘पूरक वाचन’ या मथळ्याखाली गेली, आणि पूरक वाचन कोणी वाचत नाही हे आम्हालाही ठाऊक असते आणि मुलांनाही.

यादी सुरू होते 1940 पासून. त्या वर्षी ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांचा तेव्हाच्या सुदानमधल्या (आताच्या दक्षिण सुदानमधल्या) गुरे पाळणाऱ्या नुएर लोकांवरचा ग्रंथ आला. राजा नाही, पोलीस नाही, कोर्ट नाही, तरी माणसे एकत्र कशी नांदतात, हा प्रश्न त्यात फार नेटका मांडला आहे. तो शिकवायलाच हवा, त्याबद्दल माझे दुमत नाही. पण पहिल्याच तासाला तो पुढ्यात ठेवला की काय होते ते मी दर वर्षी पाहते. इंग्रजी जड जाते, नाईलकाठची गुरे डोळ्यांसमोर उभी राहत नाहीत आणि मुले गाइडकडे वळतात. मग ‘राज्यविहीन समाजा’ची एकच व्याख्या पेपरामागून पेपरात स्वल्पविरामासकट उतरलेली सापडते.

तीन वर्षांपूर्वी मी माझ्यापुरता क्रम बदलला. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाने दोन पाने लिहून आणायची: तुमच्या वस्तीत भांडण कोण मिटवतो? शेजाऱ्यापाजाऱ्यांची नावे लिहायची नाहीत, एवढी एकच अट. गोवंडीच्या बैंगनवाडीत राहणाऱ्या एका विद्यार्थिनीने सामायिक नळावरच्या भांडणाबद्दल लिहिले. पाणी यायची वेळ पहाटेची, थोडाच वेळ. नंबरावरून दोघींची जुंपली, हंडा आपटला, एकीच्या कपाळाला लागले. पोलीस चौकीत कोणी गेले नाही. गल्लीतल्या एका म्हाताऱ्या चाचांनी दोन्ही घरच्यांना ओट्यावर बसवले, औषधाचा खर्च कोणी द्यायचा ते ठरवले आणि नंबर नव्याने लावून दिले. चाचांकडे ना पद ना पैसा. मी विचारले, मग त्यांचे ऐकतात का? ती म्हणाली, ‘‘मॅडम, न ऐकून कसं चालेल? उद्या मयतीला गल्ली यायला हवी ना.’’

पुढच्या तासाला मी नुएरांमधला बिबळ्याचे कातडे पांघरणारा मध्यस्थ शिकवला. खुन्याला आसरा देणारा, गुरांच्या भरपाईची बोलणी करणारा, पण कोणावरही हुकूम चालवू न शकणारा. त्या दिवशी वर्गात गाइड उघडले गेले नाही. चाचा आणि तो मध्यस्थ यांच्यात काय सारखे, काय वेगळे, यावर मुले तास संपल्यावरही व्हरांड्यात बोलत उभी होती.

याच शिवाजीनगर-बैंगनवाडीच्या पाण्यावर लिसा ब्यॉर्कमन यांचा इंग्रजी ग्रंथ 2015 मध्ये आला. जोगेश्वरीच्या वस्त्यांतल्या पाण्यावर निखिल आनंद यांचा 2017 मध्ये. दोन्ही चांगले आहेत. पण ज्यांच्या नळाची ती गोष्ट आहे, त्यांच्या मुलांना ती निदान काही प्रकरणांपुरती तरी मराठीत वाचता यायला नको का?

आता मराठी पुस्तकाकडे येते. त्रिं. ना. अत्रे यांचा ‘गावगाडा’ 1915 चा, म्हणजे नुएरांवरच्या ग्रंथाच्या 25 वर्षे आधीचा. वतने, बलुती, पाटील-कुलकर्ण्यांचा अधिकार, कोणाचा हक्क कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे सगळे त्यात बारकाईने नोंदलेले आहे. ते मी गौरव म्हणून शिकवत नाही. त्यात ‘फिरस्ते’ नावाचे प्रकरण आहे आणि भटक्या जमातींकडे ते ज्या नजरेने पाहते ती नजर कठोर आहे. भटक्या-विमुक्तांतून आलेल्या एका मुलीने ते वाचून पुस्तक मिटले आणि आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. मला फार लागले. नंतर ती आपण होऊन आली ती प्रश्न घेऊनच. हे लिहिणारा मुलकी खात्यातला होता ना? मग त्याला आमची माणसे दिसली ती सरकारच्या डोळ्यांनीच का? आम्ही तिथून जमातीच्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणाऱ्या 1871 च्या ब्रिटिश गुन्हेगार जमाती कायद्याकडे गेलो, 1952 मध्ये तो रद्द होईपर्यंतच्या इतिहासाकडे गेलो, आणि तिथून पुन्हा इव्हान्स-प्रिचर्ड यांच्याकडे आलो, कारण नुएरांचा अभ्यासही तिथल्या वसाहतीच्या सरकारने सांगितल्यावरून झाला होता. अभ्यास कोण करवून घेतो आणि कोणासाठी, हा या विषयातला कळीचा प्रश्न मला त्या मुलीमुळे शिकवता आला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिव्यवस्थेवरचा आपला निबंध 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचला तो गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या परिसंवादात. तरी तो आमच्या याच पेपराच्या यादीत नाही. तो दुसऱ्या पेपरात येतो, असे उत्तर मला बैठकीत मिळाले. जात हा सत्तेचा प्रश्न नसेल तर कशाचा आहे?

आपल्या वृत्तपत्रात ‘व्होटबँक’ हा शब्द रोज येतो. तो रूढ केला समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी, 1950 च्या दशकात, म्हैसूरकडच्या एका खेड्याबद्दल लिहिताना. ते याच मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागात प्राध्यापक घुर्ये यांच्या हाताखाली शिकलेले. 1919 मध्ये सुरू झालेल्या या विभागाला अशी परंपरा असताना मराठीतून वाचणाऱ्या मुलांसाठी एक बरे संकलन अजून नसावे, याची मला खंत वाटते. अभ्यास मंडळाने निवडक 15 लेखांचे मराठी संकलन हाती घ्यावे आणि मुख्य यादीत निदान दोन मराठी पुस्तके घ्यावीत, अशी माझी विनंती आहे.

वाचकांकडेही एक मागणे आहे. जुन्या निवडणुकांची पत्रके, चाळ कमिटीची इतिवृत्ते, सार्वजनिक मंडळाचे जमाखर्चाचे छापील अहवाल घरात पडून असतील तर रद्दीत घालू नका. जवळच्या महाविद्यालयाच्या समाजशास्त्र विभागाला नेऊन द्या. मागच्या वर्षी गिरगावातल्या एका मंडळाची जुनी वर्गणीवही आम्हाला अशीच मिळाली. कोणत्या खोलीने किती दिले आणि कोणाच्या नावापुढे रेघ मारली आहे, यावर आमचे तीन तास गेले आणि वही अजून संपलेली नाही.

आपली,
समाजशास्त्राची एक शिक्षिका, कुर्ला